भिंगरीच्या टाकीवरचं सील

१

हँगरचं मोठं दार कुरकुरत बाजूला सरकलं, तेव्हा भिंगरी काल ठेवली तशीच उभी होती. पिवळी, धुळकट, नाकावर किड्यांचे डाग. एवढ्याशा विमानानं काल एका दमात अख्खा समुद्र ओलांडला, हे सांगूनही कुणाला खरं वाटू नये. बेताच्या उंचीच्या काटेसाहेबांनी शिडी मागवली, दुखरा गुडघा सांभाळत वर चढले आणि मध्येच थांबले.

"काय झालं?" खालून फ्लाइंग क्लबच्या सेक्रेटरींनी विचारलं.

"सील नाही."

टाकी विमानाच्या नाकात होती, पायलटच्या काचेच्या पुढे. तिचं वाटीएवढं झाकण बाहेरून दिसायचं. टाकीला हवा मिळावी म्हणून झाकणावर बोटभर वाकडी नळी होती, ऐटीत पंख्याकडे तोंड करून बसलेली. निघायच्या ठिकाणी तिथल्या पंचांनी नळीच्या टोकाची कडी आणि काचेखालची खुंटी यांमधून तार ओवून आवळली होती. तारेच्या दोन्ही टोकांवर शिशाचा मणी दाबून ठसा मारला होता. वाटेत कुठे उतरून पेट्रोल भरलं नाही, याचा तेवढाच पुरावा. आता तारेचा एक तुकडा खुंटीला लोंबत होता आणि शिसं गायब होतं.

सेक्रेटरी वाकले आणि चाकाजवळून काहीतरी उचललं. वायर कापायची पकड. मुठीला लाल चिकटपट्टी गुंडाळलेली.

"ही उस्तादची," ते म्हणाले. उस्ताद म्हणजे क्लबचा मेकॅनिक. "मी म्हणतच होतो. त्यानं आणि अक्कानं मिळून काहीतरी शिजवलंय."

"काय शिजवलं?"

"आता सीलच नाही म्हटल्यावर ते धड होतं की नव्हतं, कोण सांगणार? वाटेत भरलं असेल पेट्रोल. मग घरी येऊन पुरावाच गायब केला."

काटेसाहेबांनी लोंबता तुकडा बोटांत धरून त्याची लांबी पाहिली. बाजारातल्या दुकानदारांची वजनं-मापं तपासून ते निवृत्त झाले होते. तराजूच्या काट्यासारखा माणूस, कुणाकडे झुकत नाही, म्हणून हे नाव पडलं आणि ते त्यांनी चिकटू दिलं. विमान मंडळानं त्यांना एका टाकीत सर्वांत लांब उडायच्या या विक्रमाचा पंच नेमलं तेही त्याचसाठी. काल भिंगरी उतरली तेव्हा उजेड जात चालला होता आणि माणसांचा लोंढा धावपट्टीवर शिरला होता. काटेसाहेबांना विमानापर्यंत पोचताच आलं नाही. सील सकाळी तपासू, असं ठरवून त्यांनी हँगरला कुलूप घालायला लावलं आणि किल्ली ऑफिसातल्या खिळ्याला टांगली. रात्री क्लबात सत्कार चालला होता, आणि त्या खिळ्यापर्यंत क्लबातल्या कुणाचाही हात पोचत होता.

"दुपारी मला मंडळाला कळवायचंय," ते शिडी उतरत म्हणाले. "उतरताना सील धड होतं, हे तोवर सिद्ध झालं नाही, तर विक्रम रद्द."

"रद्द म्हणजे, पुन्हा प्रयत्न करता येईल?" दारातून कुणीतरी विचारलं.

सगळे वळले. दारात अक्का उभी होती, काल भिंगरी उडवत आणणारी.

२

त्या भागात विमान चालवण्याचा परवाना मिळवणारी अक्का ही पहिली बाई. तेव्हा लोक तिला बघायला कुंपणाशी यायचे, आणि ती उतरताना धडपडेल या आशेनं थांबायचे. आता केस पांढरे झाले होते. कुंपणाशी येणारे लोक म्हातारे होऊन घरी बसले होते. ती अजून उडत होती.

काटेसाहेबांनी तिला ऑफिसात बसवलं. सोबत तिची नणंद आली. भाऊ बोटीवर नोकरीला, त्यामुळे वहिनीवर नजर ठेवायचं काम आपल्याकडे आहे, असं तिनं स्वतःच ठरवून घेतलं होतं.

"पुन्हा प्रयत्न नाही करता येणार का?" काटेसाहेबांनी विचारलं.

"डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय," अक्का म्हणाली. "या महिन्याअखेर डॉक्टरांची तपासणी आहे. त्यात मी नापास होणार. मला माहीत आहे आणि त्यांनाही."

"आणि मला आत्ता कळतंय," नणंद म्हणाली. "एका डोळ्यानं समुद्र ओलांडलास तू, वहिनी?"

"दीड डोळ्यानं, वन्सं. आणि समुद्रात धडकायला असतंय काय?"

काटेसाहेबांना हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं. "अक्का, सगळे एकच विचारताहेत. एवढ्या पेट्रोलात एवढं अंतर कसं कापलंत? तुमच्या मास्तरांना नाही जमलं."

मास्तर म्हणजे क्लबचे प्रशिक्षक. अक्काला उडायला त्यांनीच शिकवलं. कालपर्यंत लहान विमानांचा हा विक्रम त्यांच्याच नावावर होता.

"विमान हलकं केलं," अक्का सांगू लागली. "मागची खुर्ची काढली. रेडिओ लहान घेतला. वाटेत पाऊस लागणार होता. झाकणाच्या नळीतून पाणी टाकीत जाऊ नये, म्हणून उस्तादनं ती नळी आतून बुजवली आणि टाकीला हवा पंखाखालून दिली. हे आम्हा दोघांनाच माहीत. चाकांवरची झाकणं घासून गुळगुळीत केली. आणि हळू उडवलं. बाकी काही नाही."

"उस्तादशी तुमचं भांडण झालं होतं म्हणे?"

अक्कानं नणंदेकडे पाहिलं.

"मी नाही सांगितलं," नणंद म्हणाली. "म्हणजे, फक्त सेक्रेटरींना सांगितलं."

"झालं होतं," अक्का म्हणाली. "तो म्हणत होता, या वयात जाऊ नका. मी म्हटलं, विमान तपास, माझं वय तपासू नकोस."

"मग रागाच्या भरात त्यानं..."

"साहेब, उस्तादला राग आला की तो बोलणं सोडतो. काम बिघडवत नाही." ती थांबली. "पण आज मी कुणाचीच शपथ घेणार नाही. काल इथे माझ्या गळ्यात पडणाऱ्यांपैकीच कुणीतरी ते सील कापलंय."

बाहेर कुणाच्या तरी पावलांचा आवाज झाला आणि दाराशी येऊन थांबला. काटेसाहेबांनी दार उघडलं, तेव्हा बाहेर कोणी नव्हतं.

३

हँगरमध्ये परतल्यावर नणंदेनं पर्समधून वर्तमानपत्र काढलं. "हे बघा. पहिल्या पानावर. सगळ्या गावाचा फोटो आलाय आणि माझं फक्त कोपर."

फोटो कुणीतरी शिडीवर चढून काढला होता. अक्का विमानात उभी राहून हात हलवत होती, चष्मा कपाळावर. तिच्यापुढे काच, काचेपुढे भिंगरीचं पिवळं नाक, कडेला माणसांची डोकी आणि एक कोपर.

"यात सील दिसतंय का?" नणंदेनं विचारलं.

"तार केसासारखी बारीक. छापील फोटोत कुठली दिसायला?" असं म्हणूनही काटेसाहेब बराच वेळ फोटो पाहत राहिले. मग विमानाकडे पाहिलं. पुन्हा फोटोकडे.

"माझं कोपर एवढं बघण्यासारखं आहे का?"

"तुमचं कोपर आज फार उपयोगी पडलंय. हे वर्तमानपत्र माझ्याकडे राहू द्या."

मग ते शिडीवर चढले, झाकण उघडलं आणि टाकीत काठी घातली. काठीचं टोक जेमतेम ओलं झालं. त्यांनी झाकण फोटोत होतं तसं परत बसवलं.

तोवर नणंद पायलटच्या खुर्चीखाली डोकावत होती. विमानात हात घालू नका, असं कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तिनं घातला. हात बाहेर आला तो चष्म्याचं घर घेऊन. तपकिरी, चामड्याचं, कडेला उसवलेलं.

"वहिनीचं नाही हे," ती हळूच म्हणाली. "हे तर सेक्रेटरींच्या टेबलावर असतं."

४

काटेसाहेबांनी स्टूल भिंगरीच्या नाकाशी ठेवलं आणि ज्याला बोलवायचं त्याला तिथेच बोलावलं.

सेक्रेटरी पहिले आले. चष्म्याचं घर पाहून त्यांचा चेहरा पडला.

"काल तुम्ही विमानात बसला होतात," काटेसाहेब म्हणाले. "कुलूप लागल्यावर."

"बसलो होतो." सेक्रेटरींनी इकडेतिकडे पाहिलं. "कुणाला सांगणार नाही ना? इतकी वर्षं क्लब चालवतोय, पण एकदाही वर गेलो नाही. मला जिना चढला तरी गरगरतं. काल सगळे तिला डोक्यावर घेत होते. वाटलं, आपण नुसतं बसून तरी बघावं."

"बसल्यावर तुमच्या समोर झाकण होतं. सील होतं का?"

"मी डोळे मिटून घेतले होते."

"विमान जमिनीवर असताना?"

"हो," सेक्रेटरी म्हणाले. "तरी गरगरलं."

ते विमानाला टेकून उभे होते. झाकण त्यांच्या हाताच्या अंतरावर होतं. तिकडे न पाहताच ते निघून गेले. जाताना मात्र म्हणाले, "उस्तादला विचारा. मघाशी ऑफिसच्या दारापर्यंत हेच सांगायला आलो होतो, पण आत अक्का होती. पकड त्याची आहे."

उस्ताद आला तो तोंड शिवल्यासारखा. पकड आपली, हे त्यानं मान्य केलं. काल सत्काराच्या वेळी ती बाकावर होती, आणि बाक उघडाच असतो, एवढंच म्हणाला. विमानाच्या नाकाकडे त्याची नजर गेली, झाकणावर थोडी रेंगाळली आणि परत आली.

"अक्कांवर रागावलायस का?"

"त्यांच्यावर रागावून कुणाचं भलं झालंय?" उस्ताद म्हणाला. "मी त्यांना जाऊ नका म्हटलं, कारण मला विमान धड परत हवं होतं. विमान आलं. त्याही आल्या. माझं भांडण संपलं. पण माझ्यावर संशय घेणार असाल तर एक विचारतो. विक्रम बुडवून मला काय मिळणार? त्या विमानाचा प्रत्येक खिळा माझा आहे."

"म्हणूनच विचारतोय. खोटेपणा झाला असेल, तर तोही तुझाच असणार."

 अक्का म्हणाली तसं उस्तादनं खरंच बोलणं सोडलं आणि तो निघून गेला.

शेवटी मास्तर आले. ताठ, उंच, दाढी नीट केलेली. ते येताच हँगरमधल्या माणसांचे आवाज आपोआप खाली आले. इथले सगळेच कधी ना कधी त्यांचे विद्यार्थी.

"माझ्यावर संशय घेणं बरोबरच आहे," ते स्वतःहून म्हणाले. "विक्रम माझा गेला."

"वाईट वाटलं?"

"वाटणारच. पण अक्का माझी विद्यार्थिनी. तिचं नाव म्हणजे माझंच नाव." ते भिंगरीच्या नाकाशी येऊन उभे राहिले, घोड्याच्या मानेवर ठेवावा तसा हात त्यांनी तिच्यावर ठेवला. "गंमत सांगतो. पहिल्या दिवशी तिला विमानाभोवती फेरी मारायला लावली, तर ती उलट्या बाजूनं निघाली. मी म्हटलं, बाई, विमानालाही उजवं-डावं असतं." बोलता बोलता त्यांनी अंगठ्यानं नाकावरची धूळ पुसली, झाकण नीट केलं, रुमालानं हात पुसले. "ती खोटं करणारी नाही. पण हिशेब मलाही लागत नाही, साहेब. एवढ्या पेट्रोलात हे अंतर होत नाही. मी करून पाहिलंय."

"म्हणजे तुमचंही तेच मत? वाटेत भरलं?"

मास्तरांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. "मी मत देत नाही," ते म्हणाले. "पुरावा नसेल तर नियमाप्रमाणे जायला हवं."

ते गेल्यावर काटेसाहेब स्टुलावरून उठले. झाकणाजवळ जाऊन पाहिलं. मग त्यांनी सगळ्यांना बोलावून घेतलं.

५

"आज सकाळी आपण आलो, तेव्हा झाकणावरची नळी कुठे तोंड करून होती?" काटेसाहेबांनी विचारलं.

"पंख्याकडे," मास्तर म्हणाले. "तशीच असते."

"आणि कालच्या फोटोत?"

वर्तमानपत्र हातोहात फिरलं. फोटोत नळी काचेकडे, म्हणजे उलटी होती. मास्तरांनी फोटो जवळ धरला, दूर धरला.

"अक्का उतरली तेव्हा नळी उलटी होती," काटेसाहेब म्हणाले. "ती तशीच असणार. खुंटी काचेखाली आहे आणि तारेचा हा तुकडा बघा, केवढासा. नळी पुढे असती, तर तार तिच्या टोकापर्यंत पोचलीच नसती. म्हणजे मध्ये कुणीतरी तार कापली, झाकण उघडलं, आणि परत बसवताना नळी वळवून पुढे केली. मला प्रश्न पडला, का? ज्याला नुसता विक्रम बुडवायचाय, तो तार कापून पळेल. झाकण नीट बसवायची काळजी त्याला कशाला?"

"पायलट असेल तर," अक्का हळू आवाजात म्हणाली. "नळी उलटी राहिली तर टाकीला हवा मिळत नाही. इंजिन वर गेल्यावर बंद पडतं."

"बरोबर. ज्यानं हे केलं, त्याला विक्रम बुडवायला चालत होतं, पण विमान पाडायला चालत नव्हतं. किंवा त्यानं विचारच केला नाही. हाताला सवय होती." काटेसाहेब स्टुलावर टेकले. "मग मी आज नळी पुन्हा उलटी करून ठेवली आणि एकेकाला बोलावलं. सेक्रेटरी तिच्याशेजारी उभे राहून बोलले, त्यांना ती दिसलीही नाही. उस्तादला दिसली. पण नळी आतून बुजवलेली आहे, तिचं तोंड कुठेही असलं तरी फरक पडत नाही, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं हात लावला नाही. अक्कालाही ते ठाऊक होतं. ज्याला ठाऊक नव्हतं, असा विमानाचा जाणकार इथे एकच."

सगळ्यांनी भिंगरीच्या नाकाकडे पाहिलं. नळी ऐटीत पंख्याकडे तोंड करून बसली होती.

"मास्तर, तुम्ही माझ्याशी बोलत होतात," काटेसाहेब म्हणाले, "आणि तुमचा हात आपलं काम करत होता."

मास्तरांनी आपल्या हाताकडे पाहिलं. जणू तो दुसऱ्या कुणाचा होता.

"बुजवली होती?" त्यांनी उस्तादला विचारलं.

उस्तादनं मान हलवली.

"हे मी प्रत्येकाला पहिल्या दिवशी शिकवतो," मास्तर म्हणाले. "नळी वाऱ्याकडे. सवय आहे ती. सवयीवरून कुणाला चोर ठरवता येत नाही, काटेसाहेब."

"नाही येत," काटेसाहेब म्हणाले. "मी ठरवणारही नाही. तुम्ही आत्ता घरी गेलात, तर मी तुम्हाला अडवू शकत नाही. फक्त एक गोष्ट आहे. कापण्याआधी तार अखंड होती, हे जगात एकाच माणसाला माहीत आहे. ज्यानं कापली त्याला. तो बोलला नाही, तर दुपारी मी विक्रम रद्द करणार. मला दुसरा रस्ता नाही."

 नणंदेनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण अक्कानं तिच्या दंडाला हात लावला.

"मास्तर," अक्का म्हणाली, "हिशेब का लागत नाही, सांगू? तुम्ही तुमच्या वेगानं मांडता. मी त्याहून हळू आले. वाऱ्यावर बसून, खाली, लाटांच्या जवळून. तुम्हाला कायम घाई असायची. वर्गातसुद्धा. मी किती वेळा म्हटलं, मास्तर, जरा हळू सांगा."

"तू हळूच शिकलीस," मास्तर म्हणाले. "सगळ्यांत हळू."

"म्हणून लक्षात राहिलं."

 मास्तरांनी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि मूठ काटेसाहेबांच्या हातात उघडली. शिशाचा मणी होता, दोन्ही बाजूंनी तारेची टोकं डोकावत होती.

"मला वाटलं, टाकी मोठी बसवलीय," ते म्हणाले. ते आता कुणाकडेच पाहत नव्हते. "काल सत्कार चालला होता, सगळे टाळ्या वाजवत होते, आणि माझ्या डोक्यात एकच, की हे होऊच शकत नाही. इथे आलो. सील तपासलं, अखंड होतं. तेवढ्यावर परत जायला हवं होतं. पण कापलं. काठी घालून खोली मोजली. टाकी होती तेवढीच होती, तळाला थेंबभर पेट्रोल. कापल्यावर कळलं, की कापण्यासारखं काहीच नव्हतं. मग हे खिशात टाकलं. सकाळी बोलणार होतो."

"नाही," नणंद म्हणाली. "नव्हतात बोलणार."

"नव्हतो," मास्तर म्हणाले.

काटेसाहेबांनी मणी उजेडाला धरला, नखानं कड चाचपली. या कामात त्यांचं आयुष्य गेलं होतं. एकदा दाबलेलं शिसं उघडून पुन्हा दाबलं, तर त्याच्या कडा फुटतात आणि ठसा दुहेरी उठतो. इथे कडा गोल होत्या आणि ठसा एकच, स्वच्छ.

"हे एकदाच दाबलंय," ते म्हणाले. "मास्तर, तुम्ही आत्ता बोललात ते सही करून द्यावं लागेल. तुमचा शिकवण्याचा परवाना जाईल."

"द्या कागद."

६

दुपारी काटेसाहेबांनी मंडळाला फोन केला आणि अक्काचा विक्रम मान्य झाल्याचं सेक्रेटरींनी मोठ्यानं जाहीर केलं, जणू ते पहिल्यापासून तिच्याच बाजूचे होते. नणंदेनं त्यांना चष्म्याचं घर परत दिलं आणि विचारलं, "पुढच्या वेळी डोळे उघडे ठेवून बसणार का?"

मास्तर सगळ्यांच्या मागून बाहेर पडत होते. भिंगरीच्या नाकाजवळून जाताना त्यांची नजर झाकणावर पडली. उस्तादनं नळीतलं बूच काढायला ते उघडलं होतं आणि घाईत कसंही टेकवून तो ऑफिसात गेला होता. नळी उलटी होती. मास्तरांचा हात पुढे झाला आणि अर्ध्यात थांबला. तो त्यांनी मागे घेतला, खिशात घातला.

अक्का पंखाखाली उभी होती. तिनं ते पाहिलं.

"बूच निघालंय, मास्तर," ती म्हणाली. "आता ती वाऱ्याकडेच हवी. वळवा."

"तूच वळव."

"मला डाव्या डोळ्यानं नीट दिसत नाही."

मास्तर परत आले. झाकण दाबून बसवलं, नळी पुढे केली आणि ती सरळ आहे की नाही, हे जरा जास्तच वेळ पाहत राहिले.